मधला रविवार

गेली अकरा वर्षं मी कॉम्प्युटरवर एक फाईल ठेवली आहे. तिचं नाव 'चुका'. प्रोग्रॅम लिहिताना जिथे जिथे तोंडावर आपटलो, ते सगळं त्यात नोंदवतो. महिना तीस दिवसांचा धरू नये. प्रत्येक माणसाला आडनाव असेलच असं समजू नये. 'नंतर बदलू' म्हणून लिहिलेली ओळ नंतर कुणीच बदलत नाही, तेव्हा ती तशी लिहूच नये. ऑफिसात कुणी नवीन लागलं की पहिल्या दिवशी मी ही फाईल वाचायला देतो. वाचणाऱ्याला गंमत वाटते, आणि स्वतःच्या चुका सांगणारा माणूस म्हणून माझ्याबद्दल मतही चांगलं होतं. खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं. त्या फाईलमधल्या सगळ्या चुका अशाच होत्या, की ज्या सांगून माझं काहीच बिघडत नव्हतं.

एक चूक मात्र सापडल्यावर बारा दिवस मी तिथे लिहिली नाही.

आमचं ऑफिस चिंचवडला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. आम्ही पाच जण. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांसाठी आम्ही हजेरी, स्टोअर, तपासणी असले प्रोग्रॅम लिहितो. चाकणला असाच एक कारखाना आहे, गाड्यांचे रबरी भाग बनवणारा. त्यांचा हजेरीचा प्रोग्रॅम मी एकट्याने लिहिला. कामगार दारातल्या यंत्रावर बोट टेकवतो, त्याला पंच करणं म्हणतात. त्या पंचांवरून कोण कधी आलं, कधी गेलं, कुणाचा खाडा पडला, हे सगळं प्रोग्रॅम ठरवतो.

आमच्या या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी कंपन्यांच्या बस रोजच्यासारख्या धावतात. हे मला कुणी सांगायला नको. माझे वडील भोसरीला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षं होते. तेव्हा आम्ही आकुर्डीला राहायचो आणि आमच्या घरात दोन आठवडे चालायचे, माझ्या शाळेचा एक आणि बाबांचा एक. गुरुवारी बाबा घरी, मी शाळेत. रविवारी मी घरी, बाबा कामावर. त्यात आई गुरुवार पाळायची, म्हणजे बाबांच्या हक्काच्या सुट्टीला ताटात वरणभात आणि भेंडी. मटण व्हायचं रविवारी. आम्ही ते दुपारी गरमागरम खायचो आणि बाबांची वाटी झाकून ठेवलेली असायची. पहिली शिफ्ट करून ते चारच्या सुमाराला आले की आई ती गरम करून द्यायची. "माझा रविवार खाल्लात तुम्ही," असं बाबा चिडवायचे, आणि आम्ही हसायचो.

पण प्रोग्रॅम लिहिणारा माझ्यातला माणूस त्या घरात वाढलेला नाही. तो कॉलेजात तयार झाला आणि मग दहा वर्षं हिंजवडीच्या ऑफिसांत मुरला, जिथे शनिवार-रविवारला कुणी हात लावत नाही.

अर्थात अगदीच बावळट मी नव्हतो. सुट्टीचा वार कंपनीने स्वतः निवडावा, असं एक पान मी प्रोग्रॅममध्ये दिलं होतं. चाकणवाल्यांनी गुरुवार निवडला आणि सगळं सुरळीत चाललं. माझा पाय घसरला तो एकाच नियमात. हा नियम कारखान्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो: सुट्टीच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, दोन्हीकडे रजा घेतली, तर मधली सुट्टीही त्यात धरतात आणि सलग तीन खाडे पडतात. हा नियम मी अगदी शेवटी, घाईत लिहिला. त्या एका ओळीत सुट्टीचा वार त्या पानावरून वाचायच्या ऐवजी मी सरळ शून्य लिहून मोकळा झालो. ज्या भाषेत मी प्रोग्रॅम लिहितो तिच्यात वार शून्यापासून मोजतात, आणि शून्य म्हणजे रविवार.

नंतर बदलू, असंही मनात आलं नाही, कारण काही चुकतंय असं वाटलंच नाही. नियम तपासायच्या चाचण्याही मीच लिहिल्या, आणि त्यांतही मधला दिवस रविवारच धरला. सगळ्या चाचण्या पास झाल्या. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच तपासायचा, मग पास व्हायला काय लागतं?

म्हणजे शनिवारी आणि सोमवारी रजा घेतलेला माणूस मधल्या रविवारी कामावर आला, तरी माझा प्रोग्रॅम त्याचा पंच बाजूला सारून रविवारीही 'गैरहजर' लिहिणार होता. वर्षभर हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. दोन्हीकडे रजा मिळाली की माणूस मधलाही दिवस मागून घेतो, तो कशाला येतोय? उलट बुधवारी आणि शुक्रवारी रजा घेणाऱ्यांचा गुरुवार प्रोग्रॅम रजेत धरतच नव्हता. त्याबद्दल तक्रार करायला कुणी येणं शक्य नव्हतं.

एक बाई मात्र आली.

ती त्या कारखान्यात कंत्राटावर होती. रबरी भागांच्या कडा कापायच्या मशीनवर काम करायची. वर्षभर काम केलेल्यांतून काही जणांना तिथे कायम करतात, आणि त्यासाठी एक अट अशी की वर्षात कधी सलग तीन खाडे पडलेले नसावेत. ही यादी माझाच प्रोग्रॅम काढून देतो. मार्चमध्ये यादी लागली आणि तिचं नाव त्यात नव्हतं. मी त्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी कारखान्यात गेलो होतो. एचआरच्या ऑफिसरने मला पाहिलं आणि हाक मारली, "सर, जरा दोन मिनिटं बघता का?"

आत ती उभी होती. तिशीची असेल. डोक्यावर कारखान्याची टोपी, हात पुसायचं फडकं अजून हातातच. सोबत तिचा सुपरवायझर, चाकणजवळच्याच गावचा वयस्क माणूस, तोही उभा. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण दोघांना कुणी बसा म्हटलं नव्हतं, आणि मीही म्हटलं नाही.

"सर, जानेवारीत शनिवारी न सोमवारी मी सांगून रजा घेतल्ती," ती म्हणाली. बोलणं बीडकडचं होतं. "माय दवाखान्यात व्हती. पण मधल्या रविवारी आल्ते की मी. भावाला रविवारची सुट्टी असती, तो बसला मायजवळ. सलग तीन खाडे पडू नयेत म्हणून तर आल्ते."

"व्हय साहेब, हुती ती," सुपरवायझर म्हणाला. "म्याच मशीन दिली हुती तिला. माज्या डोळ्यादेखत काम केलंय."

मी स्क्रीनवर तिचं पान उघडलं. शनिवार, रविवार, सोमवार, तिन्ही चौकोन लाल. मी पाहिलं ते माझ्याच प्रोग्रॅमने काढलेलं उत्तर होतं. दारातल्या यंत्राचे मूळ पंच वेगळ्या ठिकाणी साठतात. ते बघायचे तर लॅपटॉप काढून जोडायला हवा होता, दहा मिनिटं गेली असती. एक वाजून गेला होता. अडीचला ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात माझं व्याख्यान होतं. विषय होता, सतत शिकत राहणं.

मी म्हणालो, "ताई, इथे गैरहजर दिसतंय. सिस्टिम स्वतःच्या मनाने काही लिहीत नाही. तुमचा पंच करायचा राहिला असेल."

"बोट लावलं व्हतं. हिरवा दिवा लागल्ता."

"कधी कधी दिवा लागतो, पण नोंद होत नाही," मी म्हणालो. हे मी जागच्या जागी रचलं. असं होत नाही. दिवा नोंद झाल्यावरच लागतो, तसं मीच सांगून करून घेतलं होतं. आज सगळ्यात जास्त लाज मला या वाक्याची वाटते, त्या शून्याचीसुद्धा इतकी वाटत नाही. शून्य नकळत लिहिलं गेलं. हे वाक्य मी उशीर होत होता म्हणून बोललो, तेही समजूत घालावी अशा मऊ आवाजात.

ऑफिसरने तिला त्या पानाचा छापील कागद काढून दिला. "मॅडम, ऑडिटला हाच दाखवावा लागतो, माझ्याही हातात नाही," तो म्हणाला. तिने कागदाच्या चार घड्या केल्या आणि दोघं गेली.

ताथवड्याला व्याख्यान छान झालं. शेवटी एका मुलाने विचारलं, "सर, तुमची आजवरची सगळ्यात मोठी चूक कोणती?" मी तीस दिवसांच्या महिन्याची गोष्ट सांगितली. मुलं हसली, प्राध्यापकांनी नारळ आणि शाल दिली.

त्यानंतर सहा महिने ती बाई मला एकदाही आठवली नाही.

आता आम्ही मोशीला राहतो आणि बाबा आमच्याकडे असतात. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, तरी दाढी-कटिंग, चपला शिवणं, कुणाला भेटायला जाणं, सगळं ते गुरुवारीच करतात. सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी ते चहा घेऊन बाल्कनीत बसले होते. खाली कोपऱ्यावर कंपनीची बस थांबली होती आणि डबे घेतलेली माणसं चढत होती. "पहिली शिफ्ट चालली," बाबा म्हणाले.

माझ्या मुलीने विचारलं, "रविवारी कुठे कंपनी असते, आजोबा?"

"तुझ्या बापालाही असंच वाटायचं. रविवारी मी निघालो की पाय धरून बसायचा."

मी आत पोळीचा घास हातात घेऊन बसलो होतो. आधी मला ती बाई आठवली, हातातल्या फडक्यासकट. मग ती ओळ आठवली. लॅपटॉप उघडून ती ओळ शोधायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मग घरूनच कारखान्याशी जोडून मूळ पंच काढले. जानेवारीतला तो रविवार: आत सहा एक्कावन्न, बाहेर तीन चौतीस.

तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो तिचा नव्हता. हे अजून कुणाला कळू शकेल, हा होता. मी कसा माणूस आहे हे मला त्या सकाळी कळलं, आणि ते कळून काही बरं वाटलं नाही.

ओळ मी त्याच दिवशी दुरुस्त केली. कारखान्याला पाठवायच्या टिपणात लिहिलं, 'रजेच्या नियमात किरकोळ सुधारणा'. आणि गप्प बसलो. कारणं भरपूर होती. तिला एव्हाना दुसरीकडे काम मिळालंच असेल. सांगितलं तर कारखाना आमचं काम काढून घेईल, आणि ऑफिसात मी एकटा नाही. त्या दिवसांत मी एक नवीन कोर्सही सुरू केला, प्रोग्रॅमच्या चाचण्या कशा लिहाव्यात याचा. मला अपराधी वाटलं की मी कोर्स लावतो, ही माझी जुनी खोड आहे. सर्टिफिकेट मिळतं, आणि काहीतरी भरपाई केल्यासारखं वाटतं. यावेळी वाटलं नाही. दर धड्याला तो हिरवा दिवा डोळ्यांपुढे यायचा.

बाराव्या दिवशी गुरुवार होता. बाबांना कटिंगला घेऊन गेलो होतो. दुकानात आधी दोघं जण होते म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो, आणि तिथे मी त्यांना सगळं सांगितलं. का, ते माहीत नाही. कुणाला तरी सांगायचंच होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या वेळी पंचाचं कार्ड होतं. त्यावर शिक्का उठला नाही, तर टाईम ऑफिसचा माणूस लायनीवर येऊन विचारून जायचा, हा होता का रे. तुला तर माणूस येऊन सांगत होता, होती म्हणून."

"हो."

"आणि तू तिच्या तोंडावर म्हणालास, सिस्टिम मनानं लिहीत नाही."

"हो."

"एकतीस वर्षं रविवारी गेलो मी," बाबा म्हणाले, आणि उठून आत खुर्चीत जाऊन बसले. ते रागावले असते तर मी काहीतरी बाजू मांडली असती. तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

त्या रात्री ती चूक मी 'चुका'मध्ये लिहिली आणि दुसऱ्या दिवशी चाकणला गेलो. एचआरच्या ऑफिसरला सगळं दाखवलं. "सर, यादी तर केव्हाच मंजूर झाली," तो म्हणाला. "आणि तिचं कंत्राट एप्रिलमध्ये संपलं. मी वर कळवतो, पण आता तिचं नाव पुढच्याच यादीत घेता येईल. तेही घेतील असं नाही सांगता येत." आमचं काम त्यांनी काढून घेतलं नाही. मी बारा दिवस ज्याला घाबरलो होतो ते घडलंच नाही, आणि त्याचीही मला लाज वाटली.

सुपरवायझर लायनीवर होता. त्याच्याकडे तिचा पत्ता मागितला. "दुसऱ्या कंपनीत प्याकिंगला हाय ती. गुरुवारी घरी घावंल," तो म्हणाला. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "म्या सांगितलं हुतं साहेब तुमाला."

पुढच्या गुरुवारी मी गेलो. चाकणच्या बाहेर एका शेताच्या कडेला भाड्याच्या खोल्यांची रांग आहे, तिथे ती राहत होती. दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने मला लगेच ओळखलं. आतून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. मी इथे येईपर्यंत मनात वाक्यं जुळवत आलो होतो, त्यांतलं एकही उपयोगाला आलं नाही. तुटक तुटकच सांगितलं. नियम मी चुकीचा लिहिला होता. तुमचा पंच होता. त्या दिवशी मी तो बघितलाच नाही.

तिने एवढंच विचारलं, "म्हंजी मी आल्ते ना?"

"आला होता. सहा एक्कावन्नला आत गेलात, तीन चौतीसला बाहेर पडलात."

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं नोकरीचं दुःख असेल. ते नव्हतं.

"माय त्याच आठवड्यात गेली, बुधवारी रात्री," ती म्हणाली. "गुरुवारी सुट्टीच व्हती, शुक्रवारी परत मशीनवर आल्ते. मंग मार्चात तुमी तो कागद दिला. घरी रडत व्हते तर भावानं बघितला. म्हणला, तू तर म्हणलीस कंपनीत जाते, मायजवळ तू बस. कंपनीत नव्हतीस, दवाखान्यात नव्हतीस, मंग व्हतीस कुठं? मायजवळ बसायचं जिवावर आलं म्हण की. लई सांगितलं मी. तो म्हणला, कम्प्युटरचा कागद हाय, त्याची काय तुज्याशी दुश्मनी हाय का? तव्हापासून बोलत नाही. राखीला पण आला नाही."

मी खाली बघत होतो. तिच्या दारात चपलांचे दोन जोड नीट लावून ठेवलेले होते. कायम होण्याची एक संधी मी घालवली, एवढंच ओझं घेऊन मी आलो होतो. मी घालवलं होतं ते याहून कितीतरी जास्त, आणि ते कुठल्या पुढच्या यादीत भरून निघणार नव्हतं. हे मला तिच्याशी बोलायला हवं होतं. मी बोललो ते पुढच्या यादीबद्दल, ऑफिसरला सांगितलंय, बघतो म्हणालाय.

"ते व्हईल तव्हा व्हईल," ती म्हणाली. "आधी मला लिहून द्या. रविवारी मी कामावर व्हते म्हणून."

"देतो. उद्याच प्रिंट काढून आणतो, पंचासकट."

"छापलेला नको. छापलेला एक हाय माझ्यापाशी. तुमी हातानं लिहा."

ती आत गेली आणि मुलीच्या शाळेच्या वहीतलं एक पान फाडून घेऊन आली, सोबत एक पेन. मी मांडीवर लॅपटॉपची बॅग ठेवून त्यावर लिहिलं. तिचं नाव, तारीख, रविवार, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. 'त्या दिवशी त्या कामावर हजर होत्या. सिस्टिममधील चुकीमुळे त्यांना गैरहजर दाखवले गेले.' खाली सही केली, नाव, फोन नंबर लिहिला आणि कागद तिच्या हातात दिला.

ती ओळींखालून बोट फिरवत सावकाश वाचत गेली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"सिस्टिमची चूक कशी?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, खरोखरच विचारत होती. "तुमीच म्हणले व्हते, ती मनानं काही लिहीत नाही."

मी कागद परत घेतला. 'सिस्टिममधील' खोडलं आणि त्यावर 'माझ्या' लिहिलं. खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते, म्हणून तिथेही केली.